काशीराम कशाने गेला

आखातातून परत आल्यावर उमेर होडेकर बरेच दिवस घराच्या पडवीत नुसता बसून असायचा. रत्नागिरीच्या राजिवड्यात त्याचं घर गल्लीच्या तोंडाशीच होतं. जेटीकडे जाणारे-येणारे थांबायचे, सलाम करायचे, "कधी आलास? किती दिवस हायस?" असं विचारायचे. उमेर उत्तर द्यायचा. हसायचासुद्धा. त्याचा हात मोडला नव्हता, डोक्याला टाके नव्हते, चालताना तो लंगडत नव्हता. तिकडे काहीतरी अपघात झाला आणि हा इस्पितळात होता, एवढंच लोकांना ठाऊक होतं. धडधाकट माणूस समोर बसलेला बघून ते पुढे जायचे.

इरमला, त्याच्या बायकोला, मात्र काहीतरी खटकत होतं. ती शहरातल्या एका शाळेत शिकवायची. दुपारी घरी आली की तो सकाळी बसला होता त्याच जागी दिसायचा. जेवायला वाढलं की जेवायचा. एकदा घाईत बांगड्याच्या कालवणात मीठ घालायचंच राहून गेलं. त्याच्या आईने पहिल्याच घासाला ताट सरकवलं. उमेर मात्र शेवटपर्यंत जेवला आणि विचारल्यावर म्हणाला, "बरं झालंय."

मग एका रविवारी सकाळी तिने गॅसवर दूध ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. उमेर स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. इरम खाली उतरली ती जिन्यातच थबकली. घरभर गॅसचा वास भरला होता. तिने धावत जाऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली, दार उघडलं. दूध उतू जाऊन आच विझली होती आणि शेगडी तशीच चालू राहिली होती.

"तुम्ही इथेच बसलात की हो! वास नाही आला?"

उमेरने मान वर केली. "नाही."

"एवढा वास येतोय नि नाही?"

"मला येतच नाही वास," तो म्हणाला. "कसलाच नाही. तिकडे पडलो तेव्हापासून."

इरम कट्ट्याला टेकून उभी राहिली. "आणि हे मला आज सांगताय?"

"सांगून काय होणार होतं?"

तो हे उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. डॉक्टरने सांगितलं होतं की कदाचित येईल परत, कदाचित नाही. ते ऐकताना त्याला वाईट वाटलं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत त्याला कशाचंच वाईट वाटलं नव्हतं, आणि याचीही त्याला काळजी वाटत नव्हती.

इरमने त्याला हाताला धरून बाहेर पडवीत आणलं आणि म्हणाली, "मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

उमेरने सांगितलं.

रत्नागिरीच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्यावर तो आखातात गेला होता. आधी तीन-चार ठिकाणी कामं केली. शेवटची नोकरी शेल गॅसच्या विहिरींवर होती. जमिनीच्या खूप खाली पाटीसारखा काळा, थरांचा खडक असतो, त्याला शेल म्हणतात. गॅस त्या खडकात कोंडलेला असतो आणि आपणहून वर येत नाही. म्हणून विहीर खणून तिच्यात प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडतात. खडकाला तडे जातात आणि गॅस मोकळा होतो. पण गॅसबरोबर ते पाणीही परत वर येतं. समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट, काळपट, तेलाचा तवंग असलेलं. त्यात बेंझिनसारखी विषारी द्रव्यं असतात, वरून घातलेली रसायनं असतात आणि खडकातून विरघळून आलेली असतात. हे पाणी मोठमोठ्या टाक्यांत साठवून ठेवतात. त्या पाण्यात काय काय आहे हे रोज तपासायचं, हे उमेरचं काम.

"आणि त्यात जंतू असतात," तो म्हणाला. "तसल्या पाण्यातसुद्धा. मलाही आधी पटलं नव्हतं. एवढं मीठ, एवढं विष, हवा नाही. पण असतात, आणि मजेत असतात."

त्यांना खायलाही भरपूर असतं. वाळू पाण्यात तरंगती राहावी म्हणून पाणी डिंकासारखं दाट करतात, आणि तो डिंक गवारीच्या बियांचा असतो. राजस्थानातून पोत्यांनी जातो. जंतू तो डिंक खातात, इतर सेंद्रिय द्रव्यंही खातात, आणि पाण्यातल्या गंधकाचा वायू करून सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो. टाकीच्या बुडाशी गाळ साचतो, त्या गाळात हा वायू कोंडून राहतो. जंतू वाढू नयेत म्हणून पाण्यात औषध टाकायचं असतं. त्या हिवाळ्यात औषध कमी आलं. उमेरच्या तपासणीत जंतू वाढत चाललेले दिसत होते, वायूही वाढत होता. त्याने साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, पुढच्या मालात येईल. वायू मोजायचं यंत्र तपासून आणायला पाठवलं होतं, तेही पुढच्या आठवड्यात येणार होतं.

"आणि तरी तुम्ही टाकीवर गेलात?"

"गाळाचा नमुना हवा होता. रोज जायचो तसाच गेलो असणार."

त्याच्याबरोबर काशीराम होता. काशीराम नेमण, लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका गावचा. व्हॉल्व्ह, पंप, पाइप सगळं तो सांभाळायचा. पंचेचाळिशीचा, सडपातळ माणूस. त्या सगळ्या कॅम्पात रत्नागिरी जिल्ह्यातले हे दोघेच. उमेर त्याला काशीदादा म्हणायचा. दोघं एका ताटात जेवले नाहीत असा दिवस क्वचितच असायचा. गवारीच्या डिंकाची पोती पहिल्यांदा बघून काशीराम म्हणाला होता, "आपली गवार? भाजीतली? आणि ती या भोकात ओततात?" मग कित्येक दिवस जेवताना तो हे आठवून हसत असे.

"टाकीच्या माथ्यावर झाकण असतं. ते मी उघडलं असणार. खाली कुणीतरी पंप चालू केला आणि गाळ ढवळला गेला. एकदम वास आला असेल. मग वास यायचा थांबला असेल." उमेर सावकाश बोलत होता. "तो वायू जास्त झाला की आधी नाकच मारतो. माणसाला वाटतं, गेला वायू. मलाही तसंच वाटलं असेल. मला तो दिवसच आठवत नाही. इस्पितळातलं आठवतं."

"आणि काशीदादा?"

"तो खाली होता. मी पडलेला दिसलो तसा शिडी चढून वर आला. मला ओढत वाऱ्याच्या बाजूला, शिडीच्या तोंडाशी आणून टाकलं त्याने. आणि स्वतः तिथेच बसला. एक नेपाळी पंपवाला खालून बघत होता. तो मला इस्पितळात येऊन सांगून गेला. म्हणाला, तुझा माणूस थकल्यासारखा बसला, आणि मग आडवा झाला."

इरमच्या डोळ्यांत पाणी आलं. उमेर तिच्याकडे बघत राहिला. आपल्याही डोळ्यांत यायला हवं, असं त्याच्या मनात आलं.

"कंपनीने लिहिलं, हृदयविकाराचा झटका," तो म्हणाला. "अंगावर काही खूण नव्हती ना. त्याची शवपेटी माझ्या आधी इकडे आली."

"त्यांच्या घरी खरं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," उमेर म्हणाला.

त्या दिवसापासून इरमच्या डोक्यातून हे जाईना. तिने दोनदा सांगितलं, लांज्याला जाऊन या. उमेर "जाईन" म्हणायचा आणि बसून राहायचा. मग एक दिवस त्यांनाच फोन आला. उमेरचा मोबाइल पडवीत वाजत होता आणि तो नुसता बघत होता, म्हणून इरमने उचलला.

"उमेरभाव हायत काय?" पलीकडून एक बाई विचारत होती. "मी मैना. काशीरामची मालकीण."

इरमने नवऱ्यापुढे फोन धरला. त्याने घेतला आणि "वहिनी" एवढंच म्हणाला.

"तुमी आलाव असं कळला," मैना म्हणाली. "एकदा येतलाव काय? मना कायतरी विचारायचा हाय. फोनवर नको."

"येतो," उमेर म्हणाला.

इरम त्याच्याबरोबर यायला तयार होती, पण तो एकटाच गेला. सकाळच्या एसटीने लांज्याला उतरला, तिथून रिक्षा केली. हायवेचं काम चाललं होतं, सगळीकडे तांबडी धूळ. गावचा रस्ता काजूच्या बागांतून जात होता. रिक्षावाला म्हणाला, "काजू भाजतायत बघा, काय वास सुटलाय." उमेर म्हणाला, "हो."

नेमणांचं घर चिऱ्याचं, कौलारू, नीटनेटकं. पुढच्या अंगणात नवीन जांभ्याचे चिरे रचून ठेवलेले होते, काशीरामने मागच्या सुट्टीत आणलेले. मैना दारातच उभी होती. चाळिशीची, काटक बाई. तिने पाण्याचा तांब्या दिला, चटई घातली. काशीरामचे वडील धोंडूबाबा पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी उमेरकडे पाहून मान हलवली, पण बोलले नाहीत. संस्कृती, त्यांची मुलगी, कॉलेजला गेली होती.

मैनाने उमेरला घराच्या मागे नेलं. तिथे फणसाखाली धुणं धुवायचा दगड होता, त्याच्यावर ती बसली आणि त्याच्यासाठी पाट टाकला.

"बाबांच्या म्होरं नाय बोलता येत," ती म्हणाली. "ते माज्याशी बोलत नायत."

"का?"

मैना थोडा वेळ पदराचं टोक हातात चाळत राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज सपाट होता, कुणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसा.

काशीराम शिमग्याला येणार होता. देवाची पालखी यंदा त्यांच्या वाडीत मुक्कामाला येणार होती, आणि त्यात त्याला खांदा द्यायचा होता. घरात सगळं ठरलं होतं. पण तो गेला त्याच्या आदल्या रात्री उशिरा त्याचा फोन आला, की सुट्टी पुढे ढकललीय, आता मे महिन्यात बघू. मैनाचं डोकं फिरलं. गेली दोन वर्षं हेच चाललं होतं. ती म्हणाली, "मग आता येऊच नका." आणि फोन ठेवला. स्पीकर चालू होता. धोंडूबाबा पडवीत ऐकत होते.

"दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीतून फोन आला. हार्ट अटॅक," मैना म्हणाली. "बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्या बोलण्यान गेला. माज्या पोराच्या काळजाला लागला ता. तवापासून ते माज्याशी बोलत नायत. मी वाढते, ते जेवतात. आणि खोटा काय बोलले ते? मी बोललेच व्हते."

ती थांबली. मग उमेरकडे सरळ बघत म्हणाली, "मना एवढाच सांगा. तुमी त्यांच्या बरोबर व्हताव. आदल्या रात्री ते लय तापले व्हते काय? जेवले व्हते काय? छातीत दुखतंय असा काय बोलले?"

येताना एसटीत उमेरने मनात काही वाक्यं जुळवली होती. ती आता उपयोगाची राहिली नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "काशीदादाला हार्ट अटॅक आलाच नव्हता."

मैनाचा चेहरा हलला नाही.

"त्याचं काळीज ठणठणीत होतं. आमची तपासणी व्हायची दर वर्षी, आम्ही बरोबरच जायचो. तो विषारी वायूने गेला. आणि मला बाहेर काढायला आला म्हणून गेला. मी पडलो होतो. तो वर चढला नसता तर आज तो इथे असता आणि मी नसतो."

मग त्याने तिला इरमला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. टाकी, गाळ, पंप, शिडी. नेपाळी माणसाने जे पाहिलं तेही. मैनाने मध्ये एकदाही त्याला थांबवलं नाही. त्याचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "म्हंजे माज्या बोलण्यान नाय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. त्या वायूच्या दोन-तीन श्वासांत कुणीही पडतं. तुम्ही आदल्या रात्री काय बोललात त्याचा काही संबंध नाही."

मैना उठली. दोरीवरचे वाळलेले कपडे तिने काढून घेतले, एकेक घडी करून दगडावर ठेवला. सगळे संपल्यावर पुन्हा बसली. रडली नाही.

"ह्याच बाबांस्नी सांगाल काय?" ती म्हणाली. "माजा नाय ऐकायचे."

दोघं पुढच्या पडवीत आली. उमेर धोंडूबाबांच्या समोर, खाली, मांडी घालून बसला. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, पण ताठ होता. उमेरने पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याला जाणवलं की आपण हे टाकीच्या तपासणीचा निष्कर्ष सांगावा तसं सांगतोय. पण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगायचं हे त्याला कळत नव्हतं.

धोंडूबाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जंतूंनी? ताप नाय, खोकला नाय, नि जंतूंनी माणूस बसल्या जागी मेला? मना येडा समजतोस काय?"

"बाबा, गोठ्यामागे तुमची गोबरगॅसची टाकी आहे ना?"

"हाय."

"त्यात शेण कालवून टाकता, झाकण बंद. आत वारा नाही. मग गॅस कुठून येतो? शेण कुजतं म्हणून. कुजवतं कोण? जंतूच. ते तुमचा चुलीचा गॅस करतात. तिकडचे जंतू वेगळे, खाणं वेगळं, म्हणून गॅसही वेगळा. विषारी. ते अंगात शिरून रोग करत नाहीत. त्यांनी सोडलेला वायू मारतो."

म्हातारा गोठ्याच्या दिशेने बघत राहिला. मग म्हणाला, "वरच्या वाडीत एकजण टाकी साफ करायला उतरला व्हता. त्याला काढायला भाव उतरला. दोघंव गेले."

"तेच," उमेर म्हणाला.

आत मैनाने भांडं ठेवल्याचा आवाज आला. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

"त्याला कळला व्हता काय?" म्हाताऱ्याने विचारलं. "आपण मरतंव म्हणून?"

"नसेल कळलं. फार झटपट होतं ते. मलाही काही कळलं नव्हतं."

"पण तू वाचलास."

"हो."

"तुला भायेर टाकलान नि तो ऱ्हायला."

"हो, बाबा."

"म्हंजे तुझ्यापायी गेला."

"हो," उमेर म्हणाला.

हे वाक्य येणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. वाक्य आलं, आणि त्याला काहीच झालं नाही. तो तसाच मांडी घालून बसून राहिला. धोंडूबाबा भिंतीला धरून उठले आणि अंगणात उतरून चिऱ्यांच्या थराशी जाऊन उभे राहिले. पाठमोरे. खांदे हलत होते की वाऱ्याने सदरा हलत होता, ते उमेरला इतक्या लांबून कळलं नाही.

ते परत आले तेव्हा उमेर निघायच्या तयारीत होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारातून आत बघून म्हणाले, "मैना, त्याला जेवल्याबिगर सोडू नको. भात वाढ."

मैना आतून बाहेर आली. सासऱ्याच्या तोंडून आपलं नाव ऐकून ती क्षणभर उंबऱ्यावर थांबली. मग "व्हय" म्हणून आत गेली.

उमेरला पान मांडलं. भात, कुळथाचं पिठलं, सांडगी मिरची. मैना वाढत होती, धोंडूबाबा समोर बसून दुसरीकडे बघत होते. भात गरम होता एवढं त्याला समजलं, मिरचीने जीभ भाजली हेही समजलं. आणखी वाढू का, असं मैनाने विचारल्यावर त्याने ताट पुढे केलं, कारण नको म्हटलं तर तिला बरं वाटणार नाही हे त्याला माहीत होतं. जेवण झाल्यावर त्याने म्हाताऱ्याला "येतो" म्हटलं. उत्तर आलं नाही. त्या दिवसानंतर धोंडूबाबा सुनेशी पुन्हा बोलायला लागले, पण उमेरशी बोलायला त्यांना फार दिवस लागले.

मैना त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा यायची होती. उन्हात दोघं एका आंब्याच्या सावलीला उभी राहिली.

"अजून एक विचारू?"

"विचारा ना वहिनी."

"ता मी बोलले, येऊच नका, ता त्यांनी तुमाला सांगितलान व्हता काय? सकाळी कामावर जाताना कायतरी बोलले असतील. रागावले असतील, नायतर हसले असतील. काय बोलले?"

उमेरला तो प्रश्न येणार हे ठाऊक नव्हतं. काशीराम त्याला सगळं सांगायचा. नक्कीच सांगितलं असणार. दोघं एकाच गाडीतून टाकीकडे गेले होते, अर्धा तास बोलत गेले असणार. उमेरने डोळे मिटले. त्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ त्याला आठवत होती, कॅम्पच्या मेसमधली दाल आठवत होती. त्यानंतर एकदम इस्पितळाचं छत होतं. मध्ये काही नव्हतं.

त्याला बोलता आलं असतं. काशीदादा हसत होता, म्हणाला आमची रागावली की असंच बोलते, मी साहेबाच्या पाया पडून सुट्टी काढणार आहे. असं काशीराम बोलला असता, हे उमेरला अगदी खात्रीने माहीत होतं. मैना वाट बघत होती. पण ती सकाळपासून त्याच्या एकेका शब्दावर विश्वास ठेवत आली होती, आणि त्यातला एक शब्द जुळवलेला असला तर बाकीचेही तसेच होतील, असं त्याला वाटलं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "त्या वायूने तो सगळा दिवसच पुसून टाकलाय. मी खूप प्रयत्न केला, वहिनी. नाही आठवत."

मैनाने मान हलवली. "बरा," ती म्हणाली. "आठवला तर फोन करा. कवाय करा."

"करीन."

रिक्षा आली.

घरी इरम वाट बघत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "ती रडली?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही," उमेर म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

पुढे मे महिन्यात कंपनीतून फोन आला. रजा संपतेय, परत कधी येताय? पलीकडचा माणूस गोड बोलत होता. त्या दिवसाबद्दल तुम्हाला काही आठवत नाही असं तुम्ही इस्पितळात म्हणाला होतात, तेच आमच्याकडे नोंदलंय, असंही त्याने सहज सांगितलं. उमेर म्हणाला, "मला त्या दिवसाचं आठवत नाही, पण त्याच्या आधीचे सगळे दिवस आठवतात. जंतू किती होते, वायू किती होता, मी कुणाला काय सांगितलं, सगळं." उमेर परत गेला नाही.

इरमच्या ओळखीतल्या एका वकिलाने तिकडच्या भारतीय वकिलातीला हे सगळं कळवायला मदत केली. नेपाळी पंपवाल्याचा नंबर मिळाला, पण तो लागला नाही. वकिलातीकडून उत्तर आलं की चौकशी चालू आहे. मैना दर काही दिवसांनी इरमला फोन करून विचारायची, इरम तेच उत्तर तिला सांगायची, आणि मग दोघी दुसरंच काहीतरी बोलत बसायच्या. संस्कृतीच्या परीक्षेबद्दल, काजूच्या भावाबद्दल. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकाराचा झटकाच राहिला. गावात मात्र आता कुणी तसं म्हणत नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर उमेरला शहराजवळच मिरजोळ्याच्या बाजूला मासळीच्या एका कारखान्यात पाणी तपासायचं काम मिळालं. मुलाखतीला त्याने आधीच सांगून टाकलं, की मला वास येत नाही, मासे हुंगून बघायचं काम मला देऊ नका. मॅनेजर हसला. त्याला तो विनोद वाटला. मग उमेरचा चेहरा बघून त्याने हसणं आवरलं. सांडपाण्याच्या टाकीवर जाताना उमेर कुणाला एकट्याने चढू देत नाही आणि वायूचं यंत्र हातात असल्याशिवाय झाकण उघडू देत नाही. कामगार कुरकुरतात. तो ऐकून घेतो आणि यंत्र पुढे करतो.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला. तो नमुन्याच्या बाटल्या लावत होता. एका हाताने फोन कानाला लावला.

"मी धोंडू नेमण बोलतंय."

उमेरने हातातली बाटली खाली ठेवली. "बोला बाबा."

"एक विचारायचा व्हता," म्हातारा म्हणाला. त्याला धाप लागल्यासारखं वाटत होतं. "ते जंतू. ते मग मारलांनी काय?"

उमेरला खोटं बोलायचं नव्हतं, आणि बोलायची गरजही वाटली नाही.

"टाकी धुतली असेल, बाबा. औषधही आलं असेल. पण सगळे नाही मरत. विहिरीच्या तळाशी असतात, खडकाच्या भेगांत. पाणी वर आलं की त्याच्याबरोबर पुन्हा येतात."

"म्हंजे हायत."

"आहेत."

पलीकडे पाऊस पडत असावा, कौलांवरचा आवाज येत होता. धोंडूबाबांनी फोन ठेवला नाही. उमेरनेही ठेवायची घाई केली नाही. कारखान्याच्या यंत्रांच्या घरघरीत तो फोन कानाला लावून उभा राहिला. फोन चालू होता तोवर तसाच उभा राहिला.